बारीक माशी कुठली, ते आधी पाहू या



नवरात्र झालं. हळवं भात कापून घरात आलं, गरवं अजून शेतात उभं आहे. दिवसभर ऑक्टोबरचं ऊन चटके देतं, संध्याकाळी हवा जरा पडली की आपण दिवा लावतो आणि दहा मिनिटांत दिव्याखाली, भाजीच्या टोपलीवर, मोरीच्या भिंतीवर बारीक बारीक माश्या दिसायला लागतात. काहीजणी म्हणतात चिलटं, काहीजणी केमरं. सगळ्यांना एकच नाव आणि सगळ्यांवर एकच उपाय: फवारा मारा.

त्या फवाऱ्यामुळेच आजचा विषय घेतला. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या गटातल्या एका वहिनींनी मोरीतल्या माश्या जाईनात म्हणून भातावर मारून उरलेलं औषध पाण्यात घालून मोरीत शिंपडलं. शेजारीच पिण्याच्या पाण्याचा माठ. रात्री धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, सकाळी सगळ्यांची डोकी जड. लेकरू दोन दिवसांनी बरं होऊन घरी आलं, पण त्या दोन दिवसांत वहिनींचा चेहरा आम्ही पाहिला आहे. आणि माश्या? चौथ्या दिवशी भिंतीवर पुन्हा तेवढ्याच.

तेव्हा आम्ही बैठकीत ठरवलं की मारायचं नंतर, आधी बघायचं. प्रत्येकीने आपल्या घरातली माशी रिकाम्या काडेपेटीत घालून आणायची. बोईसरच्या चाळीतून, पालघरजवळच्या पाड्यांवरून, किनाऱ्यावरच्या घरांतून डब्या आल्या. पांढऱ्या कागदावर एकेक ओतली आणि मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिली. शाळेतल्या गुरुजींनी भिंगही दिलं. एका नावाने ओळखली जाणारी ही मंडळी पाच-सहा वेगवेगळ्या जातींची निघाली. कुणी फळातून आलेली, कुणी मोरीतून, कुणी शेतातून. आणि एका डबीत जे निघालं, ते पाहून आम्ही सगळ्याजणी जरा गप्प झालो. ते शेवटी सांगतो.

पकडायची कशी, ते आधी. हाताने मारली तर चुरा होतो, काही ओळखू येत नाही. रुंद पारदर्शक चिकटपट्टी घ्या, भिंतीवर बसलेल्या माशीवर अलगद टेकवा आणि तीच पट्टी पांढऱ्या कागदावर चिकटवा. कागदावर लिहून ठेवा: कुठे सापडली, किती वाजता. माशी कुठे बसते आणि कशावर येते, यावरून ती कुठली हे अर्धं तिथेच कळतं.

पहिली, सगळ्यांच्या घरातली. पिकल्या केळ्यावर, चिकूवर, आंबलेल्या पिठावर, ताडीच्या मडक्यावर घिरट्या घालते. रंग पिवळट तपकिरी, साधारण तिळाएवढी, आणि भिंगातून पाहिलं तर डोळे लालभडक. हेच खरं चिलट. आपल्याकडे डहाणू-घोलवडचा चिकू घरात पिकत ठेवला की दुसऱ्या दिवशी हजर. बायका म्हणतात, फळातूनच जन्माला येतात. तसं नाही. पिकून फुटलेल्या, डागाळलेल्या फळावर मादी अंडी घालते आणि या उबेत आठ-दहा दिवसांत नवी माशी उडायला लागते. एक मादी शेकडो अंडी घालते. म्हणून आज चार दिसल्या, तर पंधरवड्याने ढग दिसतो.

ही चावत नाही. हिचा उपाय सोपा आहे. वाटीत थोडा व्हिनेगर किंवा गुळाचं आंबलेलं पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, वरून कागदाला भोकं पाडून झाका. साबणामुळे पाण्यावर बसता येत नाही, माशी बुडते. पण वाटी ठेवून पिकलेली फळं उघडीच ठेवली तर काय उपयोग? फळं जाळीखाली ठेवा, साली रोजच्या रोज बाहेर, कचऱ्याच्या बादलीचा तळ धुऊन उन्हात. कांद्याच्या टोपलीत तळाशी एखादा सडका बटाटा असतो, तो शोधा. आमच्यातल्या एकीच्या घरी महिनाभर चिलटं होती आणि कारण निघालं ओट्याखाली घरंगळलेलं एक टोमॅटो.

जाता जाता सांगतो, या चिलटाला हलकं समजू नका. अमेरिकेतले टॉमस मॉर्गन यांनी याच माश्या बाटल्यांत पाळून आईबापांचे गुण पिल्लांत कसे उतरतात ते शोधलं आणि त्याबद्दल त्यांना 1933 साली नोबेल मिळालं. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही हिला खाऊपिऊ घालून सांभाळतात. आपण मात्र फडकं घेऊन मागे लागतो!

दुसरी, मोरीतली. ही चाळीतल्या घरांत फार. बोईसरच्या बहुतेक डब्यांत हीच निघाली. राखाडी, केसाळ, पंख पसरून भिंतीवर बसली की बदामाच्या आकाराची दिसते, एखाद्या इवल्याशा पतंगासारखी. बोट लावलं तर राखेसारखी पूड उरते. धड उडत नाही, एक झेप घेऊन पुन्हा भिंतीवर. दिवसा न्हाणीच्या कोपऱ्यात निवांत बसलेली असते.

चाळीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, ही कंपन्यांच्या गटारातून येते. तारापूरच्या कारखान्यांबद्दल आपल्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि त्या आपण करतच राहू, पण ही माशी आपल्याच मोरीची आहे. मोरीच्या पाइपात आतून जो बुळबुळीत थर बसतो, साबण, केस, तेलकटपणा यांचा, त्यात तिच्या अळ्या राहतात आणि तोच थर खातात. खात्री करायची असेल तर रात्री भांडी झाल्यावर मोरीचं तोंड कोरडं करा, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा खालच्या बाजूला तेल लावून त्यावर पसरा, कडेने चिकटवा. सकाळी तेलात माश्या अडकलेल्या दिसल्या तर घर सापडलं.

आता इथेच आपण चुकतो. फिनेल ओततो. फिनेल त्या थरावरून वाहून जातं, अळी आत सुखरूप. उकळतं पाणी ओतलं तरी बऱ्याच वाचतात. थर खरवडूनच काढायला हवा. बाटली धुवायचा लांब दांड्याचा ब्रश घ्या, नाहीतर काठीला काथ्या बांधा, सोडा टाकून पाइपाच्या तोंडातून जितकं आत जाईल तितकं घासा, मग गरम पाणी सोडा. जाळीची खालची बाजू विसरू नका. आठवड्यातून दोनदा, असं तीन आठवडे करा. कारण आज घासल्यावरही कोशातल्या काही माश्या बाहेर येतच राहतात, आणि पहिल्याच आठवड्यात कंटाळून आपण म्हणतो, काही फरक नाही.

मोरी घासूनही जात नाहीत आणि माशी थोडी वेगळी दिसते, पाठीला कुबड असलेली, उडण्याआधी तुरुतुरु पळणारी, तर कुठेतरी सडतंय. मेलेला उंदीर असू शकतो, किंवा लादीखालचा पाइप फुटून घाण पाणी जमिनीत मुरत असेल. अशा वेळी घरमालकाला बोलवा, फवारा आणू नका.

कुंडीतली काळी, लांब पायांची, नाजूक माशी ओल्या मातीची. तुळशीला दिवसातून दोनदा पाणी घातलं की ती येते. वरची माती वाळू द्या, जाते. तिच्यावर याहून वेळ घालवायला नको.

डोळ्यांभोवतीची चिलटं मात्र वेगळी गोष्ट. काळसर, चकचकीत, फार लहान. लेकरू झोपलं की डोळ्याच्या कडेला, नाकाशी, गुडघ्यावरच्या जखमेवर बसतात. चावत नाहीत, पण पाझर चाटतात, आणि एका मुलाच्या चिकट डोळ्यावरून उठून दुसऱ्याच्या डोळ्यावर बसतात. डोळ्यांची साथ पसरायला त्यांचा हातभार लागतो. अंगणवाडीत हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. मुलांचे डोळे स्वच्छ फडक्याने पुसा, प्रत्येकाचं फडकं वेगळं ठेवा, जखम झाका. आणि एक गंमत लक्षात ठेवा: संध्याकाळ झाली की ही चिलटं लोंबकळत्या दोऱ्यांवर, वायरींवर, जळमटांवर ओळीने बसून रात्र काढतात. छपरातून लोंबणारे सुतळीचे तुकडे आणि जळमटं काढून टाकली की त्यांची झोपायची जागाच जाते. दिवाळीची साफसफाई आहेच, ती पंधरा दिवस आधी करा.

दिव्याखालच्या ढिगाकडे येऊ. सकाळी ट्यूबलाइटखाली झाडू मारताना मूठभर निघतात, हिरव्या आणि तपकिरी. या माश्याच नाहीत. बोटाने ढोसलं तर टुणकन उडी मारतात. हे भातावरचे तुडतुडे. हिरव्याच्या पंखाच्या टोकाला बहुधा काळा ठिपका असतो, तपकिरी पाचरीसारखा दिसतो. भात पिकत आलं, कापणी सुरू झाली की ते उजेडाकडे येतात. अंगाला कधी टोचल्यासारखं होतं, पण त्यांच्यापासून आजार नाही.

घरात त्यांना मारण्यात अर्थ नाही. पण ते निरोप घेऊन आलेले असतात. दिव्याखाली तपकिरी तुडतुडे एकाएकी वाढले तर सकाळी शेतात जा, भात दोन्ही हातांनी फाकवा आणि चुडाच्या बुंध्याशी पाहा. वरून पीक चांगलं दिसतं आणि खाली बुंध्याला तुडतुडे लगडलेले असतात. ते रस शोषतात, मग शेतात मध्येच गोल चट्टा वाळतो, जळल्यासारखा. तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बांध फोडून पाणी काढून द्या, दोन-चार दिवस शेत कोरडं राहू द्या, आणि कृषी सहायकाला बोलावून दाखवा. औषध कुठलं, किती, ते त्यांच्याकडून. दुकानदार देईल ते जास्तीचं मारलं तर तुडतुडे खाणारे कोळी आणि ढेकणासारखे मित्रकिडे मरतात, तुडतुडे उलट वाढतात. आमच्या गटातल्या एका मावशींनी नवऱ्याला दिव्याखालचा कचरा सुपात भरून दाखवला, तेव्हा तो शेतात गेला. घरातला झाडू मारणारीला ही बातमी आधी कळते, हे घरात जरा ठणकावून सांगा.

आता ती शेवटची डबी.

कुडाच्या घरातून आली होती, घराला लागूनच गोठा. आजींनी आणलेली. म्हणाल्या, रात्री पायाला काहीतरी चावतं, डासासारखं गुणगुणत नाही, दिसत पण नाही. कागदावर ओतलं. मोरीतल्या माशीसारखीच केसाळ वाटली आणि आम्ही म्हटलं, हीही मोरीतलीच. मग कुणीतरी म्हणालं, आजींच्या घरात मोरी कुठे आहे?

भिंगाने पुन्हा पाहिलं. रंग वाळूसारखा फिका. अंग बारीक, पाय लांब आणि काटकुळे, डोळे काळे मोठे. आकार डासाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. दोन्ही पंख वर उभे, उघड्या चिमट्यासारखे. उपकेंद्रातल्या ताईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, ही वाळूमाशी दिसते, सँडफ्लाय.

मोरीतली माशी आणि वाळूमाशी या एकाच कुळातल्या, म्हणून गफलत होते. फरक पक्का करून घ्या. मोरीतली जाड, राखाडी, पंख अंगावर पसरून बसते, चावत नाही. वाळूमाशी सडपातळ, मातकट, पंख उभे ठेवून बसते, आणि तिची मादी रक्त पिते. ती सरळ उडत नाही, भिंतीवरून टुकटुक उड्या मारत जाते. आवाज नाही. दिवस मावळल्यावर आणि रात्री निघते, जमिनीलगतच फिरते. दिवसा अंधाऱ्या भेगेत लपते. तिला डासासारखं साचलेलं पाणी लागत नाही. गोठ्यातली ओलसर माती, शेण, कुजका पालापाचोळा, मातीच्या भिंतीच्या भेगा, इथे तिची पिल्लं वाढतात.

हिची भीती का, तर चांदीपुरा. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात 1965 साली तापाची साथ आली होती. तिथल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला एक नवा विषाणू सापडला आणि त्याला गावाचंच नाव पडलं. पुढे 2003 च्या पावसाळ्यात आंध्र प्रदेशात 329 मुलांना मेंदूज्वर झाला आणि त्यातली 183 गेली. तपासात हाच विषाणू निघाला. विदर्भातही तो आढळला आहे. आणि 2024 च्या जून ते ऑगस्टमध्ये मेंदूज्वराचे 245 रुग्ण नोंदले गेले, बहुतेक शेजारच्या गुजरातचे, साबरकांठा, अरवली, पंचमहाल अशा जिल्ह्यांतून. 82 दगावले. त्यातल्या 64 जणांत चांदीपुरा विषाणू पक्का झाला. तलासरीपासून गुजरात किती लांब आहे, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

घाबरवायला हे सांगत नाही. प्रत्येक वाळूमाशीत विषाणू नसतो, आणि ती चावली म्हणजे आजार झाला असं मुळीच नाही. साथ येते तीही मुख्यतः पावसाळ्यात. पण आईला, आजीला, अंगणवाडीताईला एक गोष्ट माहीत हवी. हा ताप बहुधा पंधरा वर्षांखालच्या मुलांना येतो. एकाएकी जोराचा ताप, उलट्या, मग झटके, मूल गुंगीत जातं, हाकेला ओ देत नाही. हे सगळं एका-दोन दिवसांत, कधी काही तासांत होतं. त्यावर नेमकं औषध किंवा लस नाही. झटके थांबवणं, सलाईन, प्राणवायू हेच करता येतं आणि ते वेळेत झालं तर मूल वाचू शकतं. म्हणून ताप आणि झटका असं दिसलं की सकाळची वाट पाहू नका, अंगारा-धुपारा नंतर करा, 108 ला फोन करा. गाडीत मुलाला कुशीवर ठेवा, तोंडात पाणी, औषध काही घालू नका. झटक्याचा ताप मलेरियाचाही असू शकतो, दुसऱ्या कशाचाही. तो कसला ते दवाखान्यात ठरेल. आपण फक्त लवकर पोहोचवायचं.

मग आता, पावसाळा गेल्यावर, हे का सांगतो? कारण भिंती आता लिंपल्या जातात. पावसाने कूड भिजतो, ऑक्टोबरच्या उन्हात तडकतो, आणि वाघबारशीच्या आधी आपण शेणमातीचा हात फिरवतोच. या वेळी नुसता वरून हात फिरवू नका. आधी भेगा शोधा, विशेषतः जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतच्या, चुलीमागच्या, गोठ्याला लागून असलेल्या भिंतीच्या. त्यांत माती आणि चुना कालवून दाबून भरा, वाळू द्या, मग लिंपा. उंदरांची बिळं बुजवा. गोठ्यातलं शेण रोज उकिरड्यावर, आणि उकिरडा घरापासून दूर. पेंढ्याची उडवी भिंतीला टेकून रचू नका. जनावरं झोपायच्या खोलीत बांधायची वेळ येऊ नये, हे म्हणणं सोपं, पण एकच खोली असलेल्या घराला ते कठीण आहे, आम्हाला माहीत आहे. निदान मुलांची अंथरुणं त्या भिंतीपासून लांब घाला, खाटेवर घाला. साधी मच्छरदाणी हिला अडवत नाही, तिच्या भोकांतून ती आत जाते. औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली असेल तर तीच वापरा.

आणखी एक. आरोग्य खात्याची घरफवारणी येते तेव्हा आपण भांडी बाहेर काढायचा कंटाळा करतो, आतल्या खोलीला नको म्हणतो, आणि फवारणी झाली की डाग दिसतात म्हणून आठ दिवसांत त्यावरच लिंपतो. औषध भिंतीवर राहिलं तरच काम करतं. म्हणून लिंपण आधी, फवारणी नंतर, आणि फवारणीनंतर दोन-तीन महिने तरी भिंतीला हात नाही. तारीख कधीची आहे ते आशाताईंना आत्ताच विचारून ठेवा, म्हणजे दिवाळीचं लिंपण आणि फवारणी एकमेकांच्या आड येणार नाहीत. हे औषध त्यांनीच मारायचं. आपण शेतातला पंप घरात आणायचा नाही. त्या वहिनींनीच आम्हाला सांगितलं, हे रेडिओवर बोला, नाव घेऊ नका पण बोला.

आजींच्या घराच्या भेगा आम्ही आठजणींनी मिळून एका दुपारी भरल्या. चुना गटाच्या पैशातून आणला. भरताना कळलं की चुलीमागची एक भेग एवढी खोल होती, की आजींचा हरवलेला लहान चमचा त्यात निघाला.

तुमच्या घरातली माशी काडेपेटीत घालून पुढच्या बैठकीला आणा. चिकटपट्टी असेल तर उत्तमच. डबीवर जागा आणि वेळ लिहायला विसरू नका. मागच्या वेळी एक डबी नुसती "घरात" असं लिहून आली, आणि आत पाहिलं तर कांद्याचं साल निघालं.